रूपावरून पडलेले नाव कामाच्या ठिकाणी थांबवायचे कसे?

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात वजनकाट्यावर काम करणाऱ्या एका भावाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या ओठांभोवती आणि दोन्ही हातांवर कोडाचे पांढरे डाग आहेत. त्यांच्याच नावाचे आणखी दोघे तिथे असल्यामुळे पहिल्याच हंगामात कोणीतरी त्यांना "कबऱ्या" म्हटले आणि ते नाव चिकटले. हमाल म्हणतात, दिवाणजी म्हणतात, आता मालकही म्हणतात, आणि कापसाची गाडी घेऊन पहिल्यांदा आलेल्या शेतकऱ्यालाही "कबऱ्याकडून पावती घे" असेच सांगितले जाते. आजवर ते हसून सोडत आले. यंदा मात्र दिवाळीच्या बोनसच्या पाकिटावर पेन्सिलने तेच नाव लिहिलेले दिसले. घरी लग्नाची बोलणी सुरू आहेत आणि मुलीकडची माणसे चौकशीला कारखान्यावर आली तर काय ऐकतील, ही धास्तीही आहे. त्यांनी विचारले आहे: "इतकी वर्षं मीच हसलो, आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू? आणि म्हटलं तर पुढच्या हंगामाले बोलावतील का?"

भाऊ, मी बरीच वर्षे एका सूतगिरणीत कामगार अधिकारी होते आणि सध्या काही आस्थापनांत स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते. रूपावरून ठेवलेल्या नावाची तक्रार अशी सरळ समोर फार क्वचित येते. बहुतेक वेळा ती दुसऱ्याच तक्रारीच्या पोटातून निघते. कोणी वारंवार गैरहजर राहतो, कोणी पाळी बदलून मागतो, कोणी एक दिवस मुकादमाच्या अंगावर धावून जातो, आणि खोलात गेल्यावर कळते की हा माणूस कित्येक महिने एकच नाव ऐकून घेत होता. तुम्ही त्या टोकाला जाण्याआधी विचारत आहात, म्हणून तुमच्या हातात अजून बरेच काही आहे.

तुमच्या पत्रात मला दोन प्रश्नांच्या मागे एक तिसरा प्रश्न दिसतो, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. तुम्हाला कोणी चिडवत नाही. तुमच्या नावाच्या जागी दुसरे नाव बसले आहे. या दोहोंत फरक आहे. चिडवणाऱ्याला चिडवण्याची लहर यावी लागते, तो तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतो आणि तुम्ही खिजता की नाही हे त्याला पाहायचे असते. एकदा नाव रुळले की ते घेणाऱ्याच्या मनात काहीच नसते. गाडी काट्यावर लागली, पावती हवी आहे, म्हणून तो आवाज देतो. त्यामुळे "यांचा हेतू वाईट आहे का?" या प्रश्नात तुम्ही अडकून राहू नका. हेतू विचारला की समोरचा शपथेवर सांगतो की मजाक होता, आणि पुष्कळदा ते खरेही असते. चौकशीत मी वेगळाच प्रश्न विचारते: "उद्या तहसीलदार काट्यावर आले तर त्यांच्यापुढे या माणसाची ओळख तुम्ही याच नावाने करून द्याल का?" यावर समोरचा जो घटकाभर थांबतो, त्या थांबण्यातच उत्तर मिळते. वरिष्ठापुढे घेता येत नाही आणि सहकाऱ्यापुढे बिनदिक्कत घेता येते, असे नाव हलकेपणाचेच असते, मग ते कितीही लाडाने घेतलेले असो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे की आपल्याकडे प्रत्येक टोपणनाव अपमानाचे नसते. शेगावच्या पुण्याईने विदर्भातल्या कोणत्याही मस्टरवर चार-पाच गजानन सापडतात आणि माणसे ओळखायला काहीतरी खूण लागतेच. कोणाला गावावरून, कोणाला बापाच्या नावावरून, कोणाला कामावरून आवाज दिला जातो आणि त्यात कोणाचे काही जात नाही. अंगावरची खूण निवडली गेली की मात्र गोष्ट बदलते, कारण त्या खुणेपायी माणसाने आधीच पुष्कळ सोसलेले असते: शाळेतले बाक, देवळातली रांग, सोयरिकीच्या गोष्टी. नाव ठेवणाऱ्याला ती फक्त खूण दिसते. तरीही एखाद्याला असे नाव खरोखर खुपत नसेल, तर मी उगाच जाऊन त्याची कैवारी होत नाही. तुम्हाला खुपते, तुम्ही तसे लिहिले आहे, आणि एवढे कारण पुरे आहे.

आता तुमच्या हसण्याविषयी. हंगामी कामगार नवा असतो, त्याला कोणी ओळखत नाही आणि दिवाणजींच्या एका शब्दावर पुढचे बोलावणे अवलंबून असते, अशा वेळी हसणे हा नोकरी टिकवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय असतो. पूर्वी हसला होता म्हणून आता बोलायचा हक्क गेला, हा युक्तिवाद मी पुष्कळ चौकशांमध्ये ऐकला आहे आणि एकदाही मान्य केलेला नाही. हसणे हा होकार नव्हे. समजा होकार होता, तरी तो मागे घेता येतो. तुम्हाला "आजच काऊन लागलं?" असे विचारले जाईल हे नक्की, त्यासाठी एकच उत्तर तयार ठेवा: "लागत आधीबी होतं, बोललो आज." त्यापुढे मागचा हिशेब मांडत बसू नका, कारण मागचा हिशेब निघाला की बोलणे तुमच्या नावावरून सरकून कोण केव्हा काय म्हणाले यावर जाते आणि तिथे साक्षीदार नेहमी त्यांचेच असतात.

सुरुवात कोणापासून करायची, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देते. तुमचा कल मालकाकडे जाण्याचा किंवा सर्वांसमोर एकदाच सांगून टाकण्याचा दिसतो. मी दोन्ही सुचवणार नाही. पाकिटावर नाव कोणी लिहिले? दिवाणजींनी. हजेरी कोण घेते, पगार कोण वाटते, नव्या टोळीला काट्यावर कोण पाठवते? तेही दिवाणजीच. अशा कारखान्यात माणसे मालकाचे ऐकतात, परंतु बोलायची पद्धत दिवाणजींची उचलतात. मालकाच्या कानावरही हे नाव बहुधा त्यांच्याच तोंडून पडले असेल. शिवाय थेट मालकाकडे गेलात तर दिवाणजींना वाटेल की आपली कागाळी झाली, आणि त्यांचा राग तुम्हाला पुढचा सगळा हंगाम पुरेल.

त्यांच्याशी एकटे असताना बोला. काट्यासमोर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना नको, हिशेब जुळत नसताना नको. सकाळी पहिली गाडी यायच्या आधी किंवा संध्याकाळी रोकड मोजून झाल्यावर बोला. बोलणे दोन वाक्यांचे असू द्या, आणि आपण रोज बोलतो त्याच भाषेत: "दिवाणजी, मले माह्या नावानं आवाज देत जा. ते दुसरं नाव मले लागते." एवढे म्हणून थांबा. थांबणे अवघड जाते हे मला ठाऊक आहे. आपण लगेच "म्हणजे तुम्हाले काही म्हणत नाही, पण" असे सुरू करतो आणि स्वतःचेच म्हणणे पुसून टाकतो. ते गप्प बसले तर बसू द्या. "अरे, प्रेमानं म्हणतो बाप्पा" असे म्हणाले तर "प्रेम हाय ते माहीत हाय, म्हणूनच सांगून राहिलो" इतकेच म्हणा. पाकिटाचा विषय त्याच वेळी काढावा की नाही, हे त्यांच्या स्वभावावर आहे. मऊ स्वभावाच्या माणसाला पाकीट दाखवले तर तो वरमतो. तापट माणूस पाकीट पाहून आपल्याविरुद्ध पुरावा गोळा केला जात आहे असे समजतो. तुम्ही त्यांना ओळखता, मी ओळखत नाही. पाकीट मात्र फेकू नका.

त्याच वेळी, नकोशा नावाच्या जागी काय म्हणायचे, हेही तुम्हीच सांगा. पुष्कळ जण येथे चुकतात. ते "असे म्हणू नका" इतकेच सांगतात, आणि एकाच नावाचे तिघे असलेल्या कारखान्यात लोकांची खरी अडचण तशीच राहते, मग दोन दिवसांत गाडी पुन्हा जुन्या रस्त्याला लागते. तुमच्या नावापुढे गावाचे नाव लावा, आडनाव घ्या किंवा "काटेवाले भाऊ" म्हणा; जे तुम्हाला आवडेल आणि हमालाला गाठीच्या ओझ्याखालून एका दमात ओरडता येईल, असे काहीतरी द्या. लांबलचक आदरार्थी नाव तिथे टिकणार नाही.

सांगितल्यानंतरचे दोन-तीन आठवडे सर्वांत कंटाळवाणे असतात. लोक विसरतील, जीभ घसरेल, कोणी मुद्दाम पाहील की हा टिकतो का. प्रत्येक वेळी भाषण देऊ नका, रागावू नका. ठरलेले नाव शांतपणे उच्चारा आणि काम पुढे चालू ठेवा. काही जण सल्ला देतात की जुन्या नावाने हाक आली तर ओ द्यायचीच नाही. चहाच्या टपरीवर, पावतीच्या खिडकीशी हा सल्ला चांगला चालतो, पण आधी सांगून ठेवलेले असेल तरच, नाहीतर तो नुसता रुसवा वाटतो. कापसाच्या गंजीजवळ, चालत्या पट्ट्याजवळ किंवा मागे येणाऱ्या ट्रॅक्टरच्या वाटेत मात्र हा नियम पाळू नका. जिनिंगमध्ये एका ठिणगीने काय होते ते मी तुम्हाला सांगायला नको. तिथे कोणत्याही नावाने आवाज आला तरी आधी वळून बघायचे.

तुम्ही लिहिले आहे की हमालांच्या टोळीचा मुकादम तुमचा शाळेपासूनचा मित्र आहे, तो लहानपणापासून हेच म्हणतो आणि त्याच्या तोंडून तुम्हाला वाईट वाटत नाही. भाऊ, सर्वांत अवघड बोलणे या मित्राशीच होणार आहे आणि ते टाळता येणार नाही. नवी टोळी आली की ती मुकादमाचे तोंड बघून शिकते. तुमचा मित्र म्हणतो आणि तुम्ही हसता, हे पाहणाऱ्या परक्या माणसाला तुमच्या दोघांच्या लहानपणाची काय कल्पना? घरी, शेतात, गावच्या पारावर काय म्हणायचे ते तुम्ही दोघे ठरवा. कारखान्याच्या फाटकाच्या आत त्यानेही ते बंद केले पाहिजे. बहुतेक मित्र हे ऐकून दुखावले जातात आणि मग सर्वांत पक्के साथीदारही तेच होतात. हमालांच्या बाबतीत त्याची साथ आणखी एका कारणाने लागेल. पुष्कळ ठिकाणी हमाल मालकाच्या हजेरीवर नसतात. ते टोळीचे असतात, किंवा १९६९ च्या माथाडी कायद्याखालच्या मंडळात नोंदलेले असतात, आणि त्यांच्यापर्यंत बोलणे पोहोचवण्याचा खरा रस्ता मुकादमच असतो. मालकाने वरून दम दिला तर हमाल तोंडावर गप्प बसतील आणि पाठीमागे ते नाव दुप्पट जोराने चालेल.

मालकाकडे केव्हा जायचे? दिवाणजींनी ऐकले तर वेगळे जायची गरज उरत नाही. एखाद्या दिवशी हिशेब देताना सहज सांगितले तरी चालते. दिवाणजींनी उडवून लावले, किंवा त्यांनी ऐकूनही मालक तेच म्हणत राहिले, तर जा आणि बोलणे कामाच्या बाजूने मांडा. तुम्ही ज्या जागेवर बसता तिथे शेतकऱ्याचा वर्षभराचा घाम किलोंत मोजला जातो, आणि काटा मारला असा संशय हा आपल्याकडचा सर्वांत जुना संशय आहे. आर्द्रता जास्त निघाली, भाव कापला गेला, वजन घरच्या अंदाजापेक्षा कमी भरले, की शेतकरी काट्यावरच्या माणसाकडे बघतो. त्या माणसाला सगळ्यांनी हलक्या नावाने हाक मारलेली त्याने नुकतीच ऐकली असेल, तर तो त्याच्या सहीच्या पावतीवर विश्वास का ठेवील? भांडणात पहिला शब्द "त्या कबऱ्यानं काटा मारला" असाच निघतो आणि पुढे बाजारात बदनाम कारखाना होतो. मालकाला हे पटते, असा माझा अनुभव आहे. दया मागायला आलेल्या माणसापेक्षा कारखान्याच्या नावाची काळजी घेऊन आलेल्या माणसाचे म्हणणे तो जास्त लक्ष देऊन ऐकतो, आणि तुम्ही खोटेही बोलत नसता. त्याच्याकडे मागायचे ते नेमके मागा: हजेरीवर, पाकिटावर आणि फोनवर माझे खरे नाव असावे, आणि दसऱ्याला काट्याची पूजा होऊन मुहूर्ताची खरेदी सुरू होते त्या दिवशी नव्या टोळीला माझी ओळख त्याच नावाने करून द्यावी. पहिल्या दिवशी मालकाच्या तोंडून गेलेले नाव हंगामभर चालते.

मालक हे नाव एरवीही घेतात की फक्त रागावले असताना घेतात, हे मात्र नीट पाहा. एरवी घेत असतील तर ती सवय आहे आणि सुटते. तुमची चूक काढताना, चारचौघांत पाणउतारा करताना मुद्दाम घेत असतील, तर तो तुमच्या रूपाला लावलेला मार आहे. अशा माणसाचे मन दोन वाक्यांनी बदलेल असे मी तुम्हाला सांगणार नाही. तिथे सांगून पाहायचे ते एकदाच, आणि सोबत दुसऱ्या कामाचा शोध सुरू ठेवायचा.

पाण्याच्या ग्लासाची गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला ती नावापेक्षा गंभीर वाटते. काही हमाल तुमचा ग्लास वेगळा ठेवतात आणि त्यावर हसतात, असे तुम्ही म्हणता. त्या हसण्याखाली भीती आहे, आणि भीतीला "मला वाईट वाटते" हे उत्तर पुरत नाही. तिला माहिती लागते. कोडामध्ये त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात आणि बहुतेकदा शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच त्या पेशींवर उलटते. तो जंतूंचा आजार नाही, स्पर्शाने, उष्ट्याने किंवा कपड्याने तो कोणालाही होत नाही. आपल्या भागात लोक त्याची गल्लत कुष्ठरोगाशी करतात. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा संवेदना कमी झालेली असते. कोडाच्या डागावर ती शाबूत असते. गावात तपासणीला येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना हा फरक ठाऊक असतो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना हंगामाच्या सुरुवातीला कामगारांच्या तपासणीसाठी बोलावले तर तेच सर्वांसमोर पाच मिनिटांत हे सांगू शकतात. तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेले जास्त टिकते.

यात एक विनंती आहे. "मला कोड आहे, महारोग थोडाच आहे!" असे म्हणून सुटका करून घेऊ नका. कुष्ठरुग्णांसाठीचे दत्तपूर आणि आनंदवन याच भूमीत उभे राहिले, आणि तरीही कुष्ठरोग झालेल्या माणसाची हेटाळणी आपल्याकडे संपलेली नाही. तो आजारही बहुविध औषधोपचाराने सहा ते बारा महिन्यांत बरा होतो, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्यापासून संसर्गाची भीती उरत नाही. तुमच्याच कारखान्यात एखादा कामगार ते औषध गुपचूप घेत असेल. तुमच्या बचावाच्या वाक्याने त्याच्या काळजात कळ उठू नये.

कायद्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण ते माहीत असलेले बरे, म्हणून सांगते. एखाद्या पुरुषाला त्याच्या डागांवरून, रंगावरून, टकलावरून कामाच्या ठिकाणी नाव ठेवले, एवढ्यासाठी स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि तिच्या कलम ३५२ मध्ये जाणूनबुजून केलेल्या अपमानाचा गुन्हा आहे, परंतु त्या अपमानाने समोरच्याला शांतताभंगासाठी चिथावण्याचा हेतू किंवा तशी जाणीव असावी लागते, आणि गुन्हा अदखलपात्र असल्यामुळे पोलीस नोंद करतात व पुढचा रस्ता न्यायालयातून जातो. तुमच्या प्रकरणात मी तो सुचवणार नाही. त्याने नाव थांबण्यापेक्षा नोकरी आधी थांबेल.

काहींच्या बाबतीत चित्र वेगळे असते. अपंगत्व असलेल्या व्यक्तीचा लोकांच्या नजरेसमोर मुद्दाम अपमान करणे हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ खाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. त्या कायद्याच्या अनुसूचीत बुटकेपणा आहे, म्हणजे वैद्यकीय किंवा आनुवंशिक कारणाने प्रौढपणी १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंची. कुष्ठरोगातून बरे झालेले आणि ॲसिड हल्ल्याचे बळीही आहेत. कोड त्यात नाही. एका कार्यालयात कमी उंचीच्या शिपायाला साहेबांसकट सारे एका नावाने बोलावत असत; त्या साहेबांपुढे मी हे कलम ठेवले, त्यांनी ते दोनदा वाचले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच आपल्या माणसांना बोलावून विषय संपवला. तक्रार करावी लागली नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला ठेवलेल्या नावात जात मिसळलेली असेल, आणि खेड्यात रंगाच्या आडून जात पुष्कळदा बोलली जाते, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि तिथे समजुतीने घ्या असा सल्ला मी देत नाही.

स्त्रियांविषयी थोडे अधिक लिहिते, कारण हे उत्तर वाचणाऱ्या ताईही असतील. सरकी वेचणाऱ्या, काउंटरवर बसणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या बायकांना मिळालेली नावे वरवर जाडीवरून किंवा रंगावरून असतात, पण हळूहळू ती अंगाच्या विशिष्ट भागाकडे सरकतात. एका पतसंस्थेत ताईंच्या खुर्चीवरून सुरू झालेली थट्टा काही महिन्यांत इतकी खाली गेली की त्या कागद उचलायला वाकायच्या बंद झाल्या. अशी टिप्पणी लैंगिक स्वरूपाची झाली की कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लागू होतो. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. माणसे त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते, आणि उशिराचे कारण पटले तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. "आधी समजावून पाहा" ही पायरी ओलांडून थेट समितीकडे जाण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

तुमच्याकडे परत येते. तक्रार करायची नसली तरी एका वहीत तारीख, वेळ, कोण काय म्हणाले आणि कोण हजर होते, एवढे लिहीत जा. कारखान्याच्या व्हॉट्सॲप गटावर त्या नावाने काही आले तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढे ही वही कोणालाही दाखवावी लागणार नाही असा संभव आहे. पण ज्या दिवशी मालक "अरे, कोणी म्हणतच नाही असं" म्हणतील, त्या दिवशी तुमचा स्वतःवरचा विश्वास ढळणार नाही. उलट नाव ठेवण्याच्या मोहात पडू नका. दिवाणजींच्या पोटावरून तुम्ही एकदा बोललात की दोघेही सारखेच ठरता आणि तुमचे म्हणणे तिथेच संपते.

पाकीट पाहिल्यावर तुम्हाला रात्रभर झोप आली नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ती एका रात्रीची गोष्ट असेल तर ते साहजिक आहे. पण झोप सतत उडत असेल, जेवण गोड लागत नसेल, कामावर जायचे पाय उचलत नसतील किंवा जगून काय करायचे असा विचार मनात येत असेल, तर हंगाम संपायची वाट पाहू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतून आणि फुकट बोलता येते, आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. नाव थांबवण्याचे काम दिवाणजींशी बोलून होईल. इतक्या वर्षांत साचलेले मात्र कोणाजवळ तरी बोलून मोकळे करावे लागते.

लग्नाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. डाग मुलीकडच्यांना दिसणारच आहेत, आणि कोडाविषयी वर जे लिहिले ते तुम्ही किंवा तुमच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना पहिल्याच बैठकीत आपणहून सांगावे. तेवढे झाले की कारखान्यावर कोणी काय म्हणेल याची निम्मी धास्ती जाते. चौकशीला माणसे येणारच असतील तर मुकादम मित्राला आधी कल्पना द्या आणि त्यांना काट्यावर त्यानेच आणून सोडावे, असे ठरवा.

राहिला पुढच्या हंगामाचा प्रश्न. बोलावतीलच अशी हमी मी देऊ शकत नाही. ते तुमचे काम किती चोख आहे, तुमच्या जागी दुसरा माणूस किती सहज मिळतो आणि दिवाणजी मनात किती धरून ठेवतात, यावर आहे. वजनकाटा, आर्द्रतेचे यंत्र आणि पावतीचा हिशेब ही तिन्ही कामे सांभाळणारा विश्वासू माणूस मात्र रस्त्यावर पडलेला नसतो, हे मालकाला ठाऊक असते. तरी हंगाम संपायच्या सुमारास, संबंध चांगले असतानाच, कारखान्याच्या कागदावर अनुभवाचे पत्र मागून घ्या आणि त्यावर तुमचे पूर्ण नाव व तुम्ही सांभाळलेली कामे नीट लिहून घ्या. बाजार समिती, डाळ मिल, भंडारा-गोंदियाकडच्या धान गिरण्या, अशा प्रत्येक ठिकाणी काट्यावर माणूस लागतो. दिवाणजींशी मात्र या आठवड्यातच बोला, कारण गाड्यांची खरी गर्दी अजून व्हायची आहे आणि एकदा ती सुरू झाली की त्यांना दोन वाक्ये ऐकायलाही सवड मिळणार नाही.